खेळता खेळता हात चालू लागेल का?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत कर्जाची एक मागणी आली. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरीच्या फीसाठी मागण्या येतात, त्या आम्हाला पाठ आहेत. ही मागणी होती टीव्हीवर खेळायच्या खेळासाठी. तीस हजार रुपये. वाचून दाखवताना सचिवच अडखळली आणि दोघीतिघींना हसू फुटलं. मागणी करणाऱ्या वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तेव्हा आम्ही गप्प झालो.

वहिनींच्या मालकांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. ट्रॅक्टर चालवणारा माणूस. उजवी बाजू गेली. पाय थोडाफार आला, काठी घेऊन ओट्यापर्यंत येऊ लागले. हात मात्र मांडीवर पडलेला. मुंबईच्या पुतण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात परदेशातला एक म्हातारा टीव्हीसमोर उभा राहून हातातला छोटा दांडा फिरवतो आणि पडद्यावरचा चेंडू उडतो. खाली लिहिलेलं, या खेळाने गेलेला हात परत येतो. जुना सेट मिळतोय, टीव्ही जरा मोठा घ्यावा लागेल, असं म्हणत पुतण्याने तीस हजारांचा हिशेब करून दिला.

गटाची बचत म्हणजे आमची भांगलणीची मजुरी. पण भाऊंचा हात म्हणजे एका घराची भाकरी. नाही म्हणायला जीभ रेटेना आणि हो म्हणायला धीर होईना. शेवटी ठरलं की महिनाभर थांबायचं, माहिती काढायची आणि मग ठराव करायचा. तालुक्याच्या गावी रुग्णांकडून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओ मॅडम आहेत, त्यांच्याकडे आम्ही चौघी तीन वेळा जाऊन बसलो. परदेशात या खेळांवर काय काय अभ्यास झाले ते त्यांनी वाचून, मराठीत फोड करून सांगितलं. वहीत उतरवून घेतलेलं आज तुम्हाला सांगतो.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. २००६ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘वी’ नावाचा खेळ बाजारात आणला. तोपर्यंत व्हिडिओ गेम म्हणजे बसून अंगठ्याने बटणं दाबायची. वीमध्ये टीव्हीच्या रिमोटएवढा दांडा हातात धरायचा. मोबाईल आडवा धरला की चित्रही आडवं होतं, हे आपण रोज बघतो. मोबाईलच्या आत हालचाल ओळखणारी बारीकशी चिप असते म्हणून ते होतं. तशीच चिप या दांड्यात असते. तुम्ही टेनिसच्या बॅटसारखा हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडूही फिरवतो. टेनिस, बॉक्सिंग आणि बॉल घरंगळवून बाटल्या पाडायचा बोलिंगचा खेळ, असे खेळ त्यात होते. पुढच्याच वर्षी वीसोबत वापरायचा एक पाट निघाला. अंगणवाडीतल्या वजनकाट्यासारखाच, पण चारही कोपऱ्यांवर किती भार पडला ते तो वेगवेगळं मोजतो. त्यावर उभं राहून डावीकडे झुकलं की पडद्यावरचं चित्र डावीकडे जातं. मग २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीचा कायनेक्ट आला. त्यात हातात काहीच धरायचं नाही, समोरचा कॅमेराच अख्ख्या अंगाची हालचाल टिपतो. वी आणि कायनेक्ट हे दोन्ही आता कंपन्या बनवत नाहीत. पुतण्याला जुना सेट का मिळत होता, ते आम्हाला इथे कळलं.

हे सगळं मुलांच्या करमणुकीसाठी होतं. दवाखान्यातल्या लोकांचं लक्ष गेलं ते स्वस्त म्हणून. माणूस उभा असताना त्याचा तोल कसा जातो हे मोजायचे मोठ्या प्रयोगशाळेतले पाट फार महाग असतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी खेळातला पाट आणि प्रयोगशाळेतला पाट यांच्या मोजमापांची तुलना केली आणि २०१० मध्ये सांगितलं की दोघांचं बऱ्यापैकी जुळतं. मग तोलाच्या व्यायामासाठी तो दवाखान्यांत शिरला.

पण खेळल्याने हात हलायचं कारणच काय? वारं जातं तेव्हा बिघाड हातात नसतो. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथून हाताला जाणारा हुकूम थांबतो. मॅडमनी दिलेला दाखला आम्हाला पटला. पुरात रस्ता वाहून गेला तर आपण बांधावरून जातो. पहिल्या दिवशी गवत पायाला लागतं, वाट दिसत नाही. शंभर माणसं शंभर वेळा गेली की पायवाट उमटते. मेंदूतही शाबूत राहिलेल्या भागातून अशी वाट काढता येते, पण ती वापरूनच पडते. एकदोनदा हात उचलून नाही, शेकडो वेळा. आपण पहिली भाकरी थापली तेव्हा ती फाटलीच होती. किती फाटल्यावर गोल आली, कुणी मोजलंय?

अडचण इथेच आहे. रोज शंभर वेळा हात वर-खाली करा म्हटलं तर तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, नको. भाऊही असंच म्हणायचे. वहिनी चिडायच्या, भाऊ भिंतीकडे तोंड करायचे, आणि दिवस तसाच जायचा. खेळात मात्र मोजणी पडद्यावर होते, गुण वाढतात, हरलं की पुन्हा खेळावंसं वाटतं आणि शंभराचे दीडशे कधी झाले कळत नाही. या खेळांमागचा विचार एवढाच आहे. पडद्यातून कसलीही शक्ती हातात शिरत नाही.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलावर हे करून पाहिलं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन हातपाय ताठर राहतात तो आजार. अकरा वेळा, दर वेळी तास-दीड तास खेळ. त्याचं बसणं-उभं राहणं आणि चालणं काहीसं सुधारलं. पण तो एकच मुलगा. मग अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात कंपवाताच्या वीस रुग्णांना चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, तास तास खेळवलं. त्यांची हालचाल आणि रोजची कामं सुधारली. व्हिडिओमध्ये बहुतेक अशाच कुठल्यातरी बातमीचा तुकडा असावा. पण आमच्यातल्या एका काकूंनी तिथेच बोट ठेवलं. त्या चौथी शिकलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, “अगं, सगळ्याच सऱ्यांना खत टाकलं तर पीक खताने आलं की पावसाने, कसं सांगणार?” बिनखताची एक सरी सोडावी लागते. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, शास्त्रज्ञही हेच म्हणतात. या दोन्ही ठिकाणी तुलनेला दुसरी सरी नव्हती.

ती सरी कॅनडातल्या टोरांटो शहरातले मेंदूविकारांचे डॉक्टर गुस्ताव्हो सापोस्निक यांनी सोडली. २०१० मध्ये त्यांनी अंगावरून वारं गेलेले २२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला वीचा खेळ. दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो म्हणजे आपली हाउसी, आणि लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचून एकेक ठोकळा काढायचा जेंगा नावाचा खेळ. वीवाल्यांचा हात जास्त सुधारला आणि चर्चा झाली. पण बावीस म्हणजे थोडेच. तेच म्हणाले, मोठं करून बघू. मग कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड अशा चार देशांतल्या चौदा ठिकाणी मिळून १४१ रुग्ण घेतले. वारं जाऊन तीन महिने झाले नाहीत असे सगळे. नेहमीचा व्यायाम सगळ्यांना होताच. त्यावर दोन आठवड्यांत तास तासाच्या दहा बैठका, एका गटाला वी आणि दुसऱ्याला पत्ते, हाउसी, जेंगा, चेंडू. निकाल २०१६ मध्ये छापला. दोन्ही गट सुधारले. आणि दोघांत फरक नव्हता.

मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आम्ही चौघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तीस हजाराचं यंत्र आणि चाळीस रुपयांचा पत्त्याचा कॅट, शर्यत बरोबरीत सुटली!

घाईने उलटा अर्थ काढू नका बरं का. यंत्र फसवं आहे असं यातून निघत नाही, ते खेळणारेही सुधारलेच. शिवाय वारं गेल्यावर पहिल्या महिन्यांत शरीर आपणहूनही थोडं सावरतं, तेही या सुधारण्यात आहे. पण निघतं हे की हात यंत्राने येत नाही. तो हात वापरायला लावणारं जे काही असेल, त्यावर दिलेल्या तासांनी येतो. पुढे २०१७ मध्ये अशा ७२ चाचण्या, सगळे मिळून २,४७० रुग्ण, एकत्र करून तपासल्या गेल्या. नेहमीचा व्यायाम बंद करून त्याच्या जागी असा खेळ दिला तर हाताला जास्तीचा फायदा दिसला नाही. व्यायाम चालू ठेवून वर खेळाची भर घातली, म्हणजे एकूण वेळ वाढला, तेव्हा फायदा दिसला. आम्ही वहीत हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं आहे.

आता कंपवाताचं वेगळं आहे, म्हणून ते स्वतंत्र सांगतो. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाईंना हा आजार आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात, कारण लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य बनवणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. पण हालचाल मंद होते, पावलं आखूड पडतात, आवाज बसतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, हे आजारामुळे आहे असं कुणाला वाटत नाही. या आजींना वर्षभर घरात “रुसून बसतात, मुद्दाम वेळ लावतात” म्हणत होते. सून स्वतःच हे सांगताना रडली. तुमच्या गावात अशी कुणी ‘आळशी झालेली’ आजी असेल तर एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

या आजारात जी कामं आपण न ठरवता करतो, चालणं, वळणं, उंबरा ओलांडणं, ती अडतात. आजी उंबऱ्याशी येऊन खिळल्यासारख्या उभ्या राहायच्या. पण गंमत अशी की डोळ्यांना खूण मिळाली किंवा कानाला ठेका मिळाला की तेच पाऊल उचलतं. पुण्याच्या मिलेहा सोनेजी नावाच्या डिझायनरने आपल्या काकांमध्ये हेच पाहिलं. काका सपाट जमिनीवर अडखळायचे आणि जिना मात्र सरसर उतरायचे. तिने जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांसारखं चित्र काढून दिलं आणि ते त्यावरून चालले. टीव्हीवरचा खेळही अशीच खूण देतो. आता इकडे झुक, आता पाय उचल, चेंडू आला. म्हणून कंपवाताला हे खेळ बरे, असं मानणारे बरेच आहेत. ब्राझीलमध्ये अशा रुग्णांना पाटावरचे दहा खेळ शिकवून पाहिले. सात खेळ ते इतरांसारखेच शिकले, तीन मात्र जमले नाहीत. भराभर ठरवायचं, भराभर वळायचं, असं आलं की गाडी अडते. दुकानातला खेळ निरोगी पोरांच्या वेगाने बनवलेला असतो, तो थांबत नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे तिथे एकत्र येतात. नृत्यशिक्षक हृषीकेश पवार यांनी पुण्यातच अशा रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले. ठेका, ओळ, सोबत, हे तिथे पडद्याशिवाय मिळतं. आमच्या आजींच्या सुनेने मॅडमना विचारून उंबऱ्याच्या अलीकडे खडूने चार आडव्या रेघा मारल्या. आजी आता “एक, दोन” म्हणत रेघ ओलांडतात. रोज जमतं असं नाही. आणि गोळ्या वेळेवरच चालू आहेत. खेळ, नाच, रेघा यांपैकी काहीही सुरू केलं म्हणून गोळी बंद करायची नाही.

आता आमचा स्वतःचा अनुभव. दिवाळीत पुतण्या आठ दिवसांसाठी मित्राचा सेट घेऊन गावी आला. भाऊंच्या ओट्यावर अर्धी आळी जमली. बोलिंग लावलं. भाऊंनी बाटल्या पाडल्या आणि मोठ्याने हसले. वहिनी म्हणाल्या, आजारपणानंतर हा आवाज पहिल्यांदा ऐकला. ते आम्ही विसरणार नाही, म्हणून यंत्राला वाईट म्हणायला आमची जीभ उचलत नाही. पण तिसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आलं की दांडा डाव्या हातात आहे! उजवा हात मांडीवर तसाच. यंत्राला काय, कुठला हात हलला ते त्याला कळत नाही, ते गुण देतंच. उजव्या हातात दिला तर भाऊ खांदा उचकटून, अंग वाकडं करून झटका मारायचे. त्यालाही गुण. हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, याच्यासाठीच शेजारी बघणारं माणूस लागतं. वाकडी सवय लागली की ती काढायला दुप्पट दिवस जातात.

धोकेही आहेत. चेंडूच्या नादात तोल जातो, म्हणून मागे भिंतीला टेकवलेली खुर्ची आणि बाजूला एक धडधाकट माणूस हवंच. वारं गेलेला खांदा सैल असतो, त्या हाताला धरून ओढायचं नाही, ना खेळात ना आंघोळ घालताना. मिरगीचा त्रास असेल तर पडद्याच्या लुकलुकण्याने झटका येऊ शकतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि अति खेळू नये. २००७ मध्ये एका तरुण डॉक्टरचा खांदा वीवर टेनिस खेळून इतका दुखावला की त्याची नोंद वैद्यकाच्या नियतकालिकात झाली. धडधाकट माणूस, वय २९!

ठराव काय झाला ते सांगतो. तीस हजारांचं कर्ज वहिनींनी स्वतःच मागे घेतलं. त्याऐवजी गटाने सहा हजार दिले, आठवड्यातून दोनदा मॅडमकडे जायच्या रिक्षाभाड्यासाठी आणि हातांच्या एका भक्कम खुर्चीसाठी. पुतण्या थोडा नाराज झाला. घरी काय करायचं ते मॅडमनी लिहून दिलं. तूर आणि हरभरा मिसळून ठेवायचा आणि उजव्या हाताने वेगळा करायचा. दोरीला कपड्याचे चिमटे लावायचे आणि काढायचे. नातवाबरोबर टेबलावरून चेंडू ढकलायचा. आणि पत्ते. कुठलं कुणाला द्यायचं हे हातात किती जोर आहे त्यावर असतं, तेव्हा आमचं ऐकून तुमच्या घरी तसंच सुरू करू नका, आधी दाखवून घ्या.

दोन माहितीच्या गोष्टी. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यातल्या एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आणि पार्किन्सन्स दोन्ही धरले आहेत. सरकारी तपासणीत अपंगत्व ठरलं की यूडीआयडी कार्ड मिळतं, भाऊंच्या कार्डाचा अर्ज आम्हीच भरला. लहान मुलाचे हातपाय ताठ वाटत असतील, मान वेळेवर धरली नसेल, तर अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा. अठरा वर्षांपर्यंत ती सोय आहे.

भाऊंचा हात पहिल्यासारखा झालेला नाही. स्टिअरिंग अजून लांब आहे, आणि ते कधी हातात येईल हे मॅडमही सांगत नाहीत. पण अर्धा भरलेला चहाचा पेला उजव्या हाताने तोंडापर्यंत जातो. संध्याकाळी ओट्यावर पत्त्यांचा डाव बसतो. पान उजव्या हातानेच टाकायचं असा नियम आहे, आणि तो पाळून घ्यायला सात वर्षांचा नातू बसवला आहे. आजोबांनी डाव्याने पान टाकलं की तो ते उचलून त्यांच्या हातात परत देतो, आणि बाकीचे थांबून राहतात.